हाक आणि ओ



मालवणहून तारकर्लीच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले, की देवबागपाशी जमीन संपते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधोमध माडांची एक चिंचोळी पट्टी. टोकाशी नदी समुद्राला मिळते व पलीकडे भोगवे दिसते. अशा मुलखात पाण्यावरून हाक मारण्याची सवय माणसाला आपोआपच जडते. त्या हाकेचा एक साधा नियम आहे. नुसती हाक मारल्याने काम होत नाही. पलीकडून ‘ओ’ आली म्हणजेच ती हाक पुरी होते. ओ आली नाही तर माणूस पुन्हा हाक मारतो, अधिक मोठ्याने मारतो, आणि तरीही उत्तर नसेल तर त्याच्या जिवाची घालमेल सुरू होते.

आजच्या व्याख्यानाचा विषय मुठीत मावणारी किंवा काखेत मारून नेता येणारी विजेची यंत्रे हा आहे. खिशातले गणकयंत्र, मोबाइल फोन, मतदानयंत्र, आणि होडीवर ठेवायची संकटसूचक पेटी अशी ही सारी मंडळी. यांचा इतिहास सांगताना यंत्र किती लहान झाले, किती स्वस्त झाले, किती वेगवान झाले, एवढाच हिशेब मांडण्याची चाल पडली आहे. तो हिशेब खोटा नाही. पण अपुरा आहे. बटण दाबणे ही माणसाने यंत्राला मारलेली हाक होय, आणि दिवा, आवाज किंवा पडद्यावरचे अक्षर ही यंत्राने दिलेली ओ होय. ही ओ कशी दिली गेली, कोणत्या भाषेत दिली गेली आणि कोठे दिलीच गेली नाही, यातच या यंत्रांचा खरा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हाक कशी ऐकू येते ते पाहू. आपण बटण दाबतो तेव्हा आत दोन वाहक पृष्ठभाग एकमेकांना टेकतात आणि त्यातून वीज वाहू लागते. ऐकायला सोपे वाटते. पण टेकणारे धातू हे चेंडूसारखे असतात. ते एकदम स्थिर होत नाहीत. एका सेकंदाचे १,००० भाग केले, तर त्यांतील पाच-दहा भाग हे धातू थरथरतात, टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. आपण एकदाच बटण दाबले असे आपल्याला वाटते. यंत्राला मात्र एका दमात दहा हाका ऐकू आल्याचा भास होतो. म्हणून यंत्राला पहिला धडा द्यावा लागतो तो सबुरीचा. पहिली हाक ऐकली तरी क्षणभर थांब, खात्री करून घे, आणि मगच ती मोजणीत धर. हा धडा दिला नाही, तर ५ हा आकडा दाबणाऱ्याला पडद्यावर ५५५ दिसेल.

दुसरा प्रश्न काटकसरीचा. बारा बटणे असली तर बारा तारा हव्यात, असे कोणालाही वाटेल. कारागिरांनी बटणे चार ओळी आणि तीन स्तंभ अशी मांडली. बटण हे ओळ आणि स्तंभ यांच्या छेदावर बसते, त्यामुळे सातच तारा पुरतात. यंत्र एकेका ओळीत आळीपाळीने वीज सोडते आणि कोणत्या स्तंभातून ती परत येते ते पाहते. गावातला गस्तवाला जसा एकेका आळीतून फिरून कोणाच्या दारात दिवा आहे ते पाहतो, तशी ही गस्त सेकंदाला अनेक वेळा चालते. आपले बोट बटणावर सुमारे एक दशांश सेकंद टेकते. तेवढ्यात हा गस्तवाला त्या दारावरून कितीतरी वेळा गेलेला असतो. म्हणून तो आपल्याला कधी भेटत नाही, आणि आपली हाकही सहसा चुकत नाही.

आता ओ कशी आली ते पाहा. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसेल यांनी १९६७ साली हातात धरता येईल असे गणकयंत्र घडविले. त्याला पडदा नव्हताच. बेरजेचे उत्तर कागदाच्या अरुंद पट्टीवर उमटत असे. म्हणजे मुठीतल्या यंत्राची पहिली ओ ही लेखी होती! हे ध्यानात ठेवावे. पुढे एका वेगळ्याच ठिकाणी कागदाची पट्टी आपल्याला पुन्हा भेटणार आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात इंटेल कंपनीने ४००४ हा बारीकसा चिप-मेंदू बाजारात आणला, त्याचे मूळ काम बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठीच होते. २,३०० ट्रान्झिस्टरांच्या त्या चकतीचे एक मुख्य काम वर सांगितलेली गस्त घालण्याचे होते. १९७२ साली ह्यूलेट पॅकार्डच्या खिशातल्या गणकयंत्रावर तांबडे आकडे चमकू लागले, आणि १९७३ साली जपानच्या शार्प कंपनीने द्रव-स्फटिकांचा पडदा वापरला. हे स्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. विजेच्या इशाऱ्याने ते फक्त वळतात आणि उजेड अडवितात किंवा सोडतात. म्हणूनच एका लहानशा बॅटरीवर असे यंत्र महिनोन् महिने चालते.

या पडद्यांवर आकडा काढण्यासाठी सात रेघा पुरत. आठाच्या आकाराच्या सात रेघांपैकी हव्या त्या पेटवायच्या, की शून्यापासून नऊपर्यंत सारे आकडे उमटतात. युक्ती नामी होती. परंतु त्या सात रेघांत आपला ‘अ’ मावत नाही, ‘क्ष’ मावत नाही, आणि वर मात्रा व खाली उकार असलेले अक्षर तर मुळीच मावत नाही. यंत्र ओ देऊ लागले होते; पण ती ओ इंग्रजी आकड्यांच्या वळणाची होती. आपल्या लिपीला अजून दारातच उभे राहावे लागले होते.

याच सुमारास हाकेच्या बाजूलाही शिस्त लागत होती. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत बटणांचा टेलिफोन जनतेला मिळाला. बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन यांच्या मंडळींनी त्यापूर्वी माणसांना बसवून, वेगवेगळ्या मांडण्या देऊन, कोणती मांडणी हाताला सोयीची ते तपासले होते. त्यातून वर १-२-३ असलेली मांडणी निघाली. गणकयंत्रावर मात्र ७-८-९ वर राहिले. आज आपल्या एकाच फोनमध्ये फोन लावण्याची आणि हिशेबाची अशा या दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी नांदतात, आणि आपण कोणालाही त्याबद्दल जाब विचारत नाही. १९६८ साली रॉबर्ट मिलर या संशोधकाने उत्तराच्या वेळेचाही नियम मांडला. बटण दाबल्यावर साधारण एक दशांश सेकंदात काही दिसले, तर माणसाला वाटते की आपणच ते केले. त्याहून उशीर झाला की मनात शंका येते, आणि शंका आली की बोट पुन्हा बटणावर जाते. बँकेच्या यंत्रासमोर वा तिकिटाच्या खिडकीशी एकच बटण चारदा दाबणारा माणूस अडाणी नसतो. ओ न मिळालेला तो एक हाकारा असतो.

आपल्या लिपीची हकीकत आता सांगतो. टंकलेखन यंत्रावर मराठी शब्द उमटविताना हात अक्षरांच्या आकृतीमागे जात असे. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटीची कळ, मग ‘क’ ची; कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. संगणक आला तेव्हा प्रश्न पडला, की यंत्राने आकृती लक्षात ठेवावी की उच्चार? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट ही कळमांडणी प्रमाण केली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आली, आणि क्रम उच्चाराचा ठरला. आधी ‘क’, मग वेलांटी. १९९१ साली अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे भारतीय मानक निघाले, आणि त्याच वर्षी जगातल्या लिप्या एका यादीत आणणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली.

याचा अर्थ काय होतो ते ‘सिंधुदुर्ग’ या आपल्या शब्दावरून पाहा. यंत्राच्या पोटात तो दहा खुणांचा साठा असतो: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त आणि ग. पडद्यावर मात्र ओळ अशी उमटत नाही. वेलांटी उडी मारून ‘स’ च्या आधी बसते, अनुस्वार डोक्यावर चढतो, आणि ‘ग’ च्या आधी दाबलेला ‘र’ रफार होऊन त्याच ‘ग’ च्या माथ्यावर जातो. दाबण्याचा क्रम एक, दिसण्याचा क्रम दुसरा. आणि या दोहोंमध्ये बसलेला अदृश्य लेखनिक प्रत्येक कळीसरशी सारा शब्द नव्याने मांडून पाहतो. तो लेखनिक ज्या फोनांत नव्हता, त्यांत मराठी निरोप आला की पडद्यावर नुसत्या चौकटी दिसत, किंवा वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे अशी फाटाफूट दिसे. जुन्या बारा कळांच्या फोनवर एकेका कळीत पाच-सहा अक्षरे कोंबलेली असत. एक अक्षर काढायला चार-पाच वेळा तीच कळ दाबावी लागे. म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणांनी मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहिण्याची वाट धरली. ती वाट आळसाची नव्हती. यंत्राने आपल्या भाषेत ओ न दिल्याचा तो परिणाम होता.

या कामी ज्यांचे ऋण मानावे अशांत रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव येते. १९३६ ते २००८ हा त्यांचा काळ. पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले, आणि ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. विंडोज २००० बरोबर तो टंक घरोघरच्या संगणकांत पोचला. ज्याने बोरू आणि शाईने अक्षर गिरविले, त्याच पिढीच्या माणसाने ते पडद्यावर आणले, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे २०१६ साली भारतीय मानक संस्थेच्या मानकानुसार सरकारने मोबाइल फोनांत हिंदी, इंग्रजी व आणखी एक भारतीय भाषा लिहिण्याची, आणि अनुसूचित २२ भाषा वाचण्याची सोय असावी असे ठरविले. दारात उभ्या असलेल्या लिपीला अशा रीतीने आत बसायला जागा मिळाली.

पवईच्या त्याच केंद्राचा हात आणखी एका यंत्राला लागला, आणि ते यंत्र तुम्हा-आम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. भारताच्या मतदानयंत्राच्या बाह्य रूपाची आखणी तेथील अध्यापकांनी केली. हे यंत्र बॅटरीवर चालते, पेटीत घालून डोंगरावर वा बेटावर नेता येते, म्हणून ते आपल्या विषयात पूर्णपणे बसते. मतदान-अधिकारी आपल्याकडच्या पेटीवरील बटण दाबतो, तेव्हा आडोशातल्या पेटीवर हिरवा दिवा लागतो. त्याचा अर्थ असा, की यंत्र ऐकण्यास सिद्ध आहे. मतदार निळे बटण दाबतो. उमेदवाराच्या नावाशेजारी तांबडा दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. त्यानंतर त्याने कितीही बटणे दाबली तरी यंत्र ऐकत नाही. मघाशी जी सबुरी आपण क्षणापुरती पाहिली, ती येथे कायद्याचे रूप घेते: एका माणसाची एकच हाक.

या यंत्राचा पडदा कोणता, असा प्रश्न विचारून पाहा. मतदारासमोर पडदा नाहीच! बटणांच्या शेजारी छापील मतपत्रिका लावलेली असते. तिच्यावर नाव असते आणि चिन्ह असते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षरांसाठी चिन्हांची योजना आपल्या देशात आहे. यंत्र आले तेव्हा ती मोडली नाही, यंत्रालाच तिच्या शेजारी बसविले. मराठी अक्षर पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी कागदाच्या आधाराने यंत्राला मराठी बोलता आले ते असे.

परंतु येथेही ओ पुरेशी आहे का, हा वाद उठलाच. १९८२ च्या मे महिन्यात केरळातील परवूर मतदारसंघात ५० मतदानकेंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरील मतदान रद्द ठरविले. कारण कायद्यात यंत्राची तरतूद नव्हती. १९८८ साली कायदा दुरुस्त झाला, १९९८ मध्ये १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. तांबडा दिवा सांगतो की बटण ऐकले. पण काय ऐकले आणि काय लिहून ठेवले, हे मतदाराला कसे कळावे? ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याची आवश्यकता मान्य केली. त्याच्या महिनाभर आधी नागालँडमधील नोकसेन येथे तशी चिठ्ठी प्रत्यक्ष वापरली गेली होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व केंद्रांवर आली. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. १९६७ च्या गणकयंत्राची ती कागदी पट्टी आपल्याला पुन्हा भेटली ती येथे. वादाच्या इतर बाजू वेगळ्या आहेत, त्यांत मी आज शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच, की माणसाला ‘ऐकले’ एवढे उत्तर पुरत नाही. ‘हे ऐकले’ असे उत्तर त्याला हवे असते.

आता पडद्यालाच बोट लावण्याच्या युगाकडे येतो. १९६५ साली इ. ए. जॉन्सन या इंग्रज तंत्रज्ञाने बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. तो ज्या गावी काम करीत असे त्याचे नाव माल्व्हर्न. आपल्या मालवणशी त्याचा नावापुरताच संबंध. पण ऐकून गंमत वाटते खरी. २००७ सालच्या आयफोननंतर हा पडदा खिशाखिशांत आला. हाक आणि ओ एकाच जागी आल्या. आपले शरीर विजेचा किंचित भार धरते. बोट काचेजवळ येताच तेथील विद्युत्क्षेत्र बदलते आणि यंत्राला जागा कळते. बटणे हवी तेवढी, हवी त्या भाषेत, हवी तेव्हा काढता येतात. मराठीच्या दृष्टीने हे वरदानच ठरले. कळीवर छापलेले अक्षर बदलता येत नसे. काचेवर चितरलेले अक्षर क्षणात बदलते.

तथापि या काचेला एक गोष्ट कळत नाही, आणि ती म्हणजे खारे पाणी. खारे पाणीही वीज वाहते. ओल्या बोटाने, पाण्याचे शिंतोडे उडालेल्या काचेवर यंत्राला बोट कोणते आणि थेंब कोणता हे उमगेनासे होते. शहरात ही अडचण पावसाळ्यापुरती आहे. देवबागच्या मच्छीमाराला ती बारमाही आहे. हात ओले, होडी हलती, डोळ्यांवर ऊन किंवा मिट्ट काळोख. म्हणून समुद्रावरच्या यंत्रांतून रबराखाली बसणारे, बोटाला जाणवणारे बटण गेलेले नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटर पुढे गेले की मोबाइलला कोणी ऐकणाराच उरत नाही. पडदा झळकत असतो; पण तो झळकणे ही ओ नव्हे.

यासाठी इस्रोने एक संकटसूचक पेटी तयार केली आणि २०१० पासून ती मच्छीमारांच्या वापरात आली. होडीला आग लागली, होडी बुडू लागली, कोणी आजारी पडला, तर त्या त्या संकटाचे बटण दाबायचे. संदेश उपग्रहाकडे जातो, तेथून बंगळूरच्या नियंत्रणकेंद्रात होडीची ओळख आणि ठिकाण उलगडले जाते, आणि तटरक्षक दलाच्या बचावकेंद्राला कळविले जाते. अशा २०,००० हून अधिक पेट्या वापरात आल्या. मोठेच काम झाले. पण त्या पहिल्या पेटीत एक उणीव होती. हाक वर जात असे. खाली काही येत नसे. भर समुद्रात बटण दाबणाऱ्याला आपली हाक कोणी ऐकली की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता.

उलट दिशेची उणीव २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाने दाखविली. दक्षिणेतील कितीतरी नौका वादळाचा इशारा मिळण्यापूर्वीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. केरळ-तमिळनाडूच्या अनेक नौकांनी त्या वेळी आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याचा आसरा घेतला. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘जेमिनी’ हे यंत्र आले. ते उपग्रहाकडून वादळाचा इशारा आणि मासळीच्या ठिकाणांची माहिती घेते व मच्छीमाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत दाखविते. येथे बातमी खाली येत होती. पण वर काही जात नव्हते. एका पेटीला तोंड होते आणि कान नव्हते. दुसरीला कान होते आणि तोंड नव्हते.

इस्रोने २०२४ च्या आरंभी दुसऱ्या पिढीच्या संकटसूचक पेटीची माहिती प्रसिद्ध केली, तीत ही दोन टोके जोडली गेली. संकटाचे बटण दाबल्यावर नियंत्रणकेंद्राकडून भारताच्या नाविक या उपग्रहमालिकेमार्फत परत पोच येते. पेटी मोबाइलला जोडता येते आणि निरोप आपल्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पालघर येथे १ लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशवहनाची यंत्रे बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला.

त्या पोचेने होडी सावरत नाही, वारा पडत नाही, बचावनौका क्षणात येऊन पोचत नाही. मग तिचे मोल काय? ज्याला पोच मिळाली तो तांडेल पुढचा निर्णय शुद्धीवर राहून घेऊ शकतो. नांगर टाकून थांबावे, की उरलेल्या तेलावर किनारा गाठण्याची धडपड करावी, माणसांना धीर द्यावा तो कशाच्या बळावर, हे सारे त्या एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ परक्या लिपीत आली, किंवा ज्याचा अर्थ कधी कोणी सांगितला नाही अशा दिव्याच्या रूपाने आली, तर सारे उपग्रह वर असूनही होडी एकटीच राहते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की नवे यंत्र हाती आले म्हणजे त्याचा वेग आणि किंमत अवश्य विचारावी. पण त्याआधी ते वाटणाऱ्या अधिकाऱ्याला आणि विकणाऱ्या दुकानदाराला दुसरा एक प्रश्न विचारावा. बटण दाबल्यावर हे यंत्र काय सांगते, आणि ते माझ्या घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला ओल्या हाताने, अंधारात कळेल काय? होडी किनाऱ्यावर असतानाच एकदा ते बटण कसे दाबायचे आणि पोच कशी ओळखायची, हे तांडेलाने सर्व खलाशांना समजावून द्यावे. यंत्र घडविणारे बंगळूरला आणि पवईला आहेत. पण त्याची ओ बरोबर आहे की नाही, ही परीक्षा देवबागच्या किनाऱ्यावरच घेता येते, आणि ती घेण्याचा अधिकार ज्याचा जीव त्या बटणावर टांगलेला आहे त्याचा आहे.